पडदा एका वर्गाचा, लायसन्स सगळ्यांचं

दोस्तहो, विलायतेत माणसाला अक्षर चिकटवतात. ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई. घरातला मुख्य कमावता काय काम करतो ते बघायचं आणि अख्ख्या घराच्या कपाळावर एक अक्षर मारायचं. मोठा साहेब, मोठा डॉक्टर, बॅरिस्टर म्हणजे ए. मॅनेजर म्हणजे बी. कारकून, टेबलापाशी बसून काम करणारा सी-वन. हातात पाना नाहीतर थापी असलेला कसबी कामगार सी-टू. त्याच्या खालचा अंगमेहनतीचा डी. आणि नुसत्या सरकारी पेन्शनीवर, भत्त्यावर जगणारा, आज काम उद्या नाही असा जो कुणी, तो ई. हे कुठल्या मनूने लिहिलेलं नाही. जाहिरातवाल्यांनी आणि छापेवाल्यांनी लिहिलं. १९५६ पासून 'नॅशनल रीडरशिप सर्व्हे'ने वर्तमानपत्रांचे वाचक मोजायला घेतले आणि ही अक्षरं तिथूनच सगळीकडे पसरली. आता वरची तीन एकत्र धरून 'ए-बी-सी-वन' म्हणतात. त्याचा अर्थ मध्यमवर्ग. पांढरपेशे. बाकीचे आपले बाकीचे.

कुणी म्हणेल, अरे ही तर साधी मोजदाद. असेल. पण आपल्या माणसांना मोजदाद म्हंजे काय ते शिकवायला जाऊ नका. वर कोण आणि खाली कोण हे एकदा लिहून ठेवलं की पुढचं आपोआप होतं, कुणाला हातसुद्धा उचलावा लागत नाही.

मी लेस्टरात एका केअर होममध्ये काम करतो. वृद्धाश्रम म्हणा. म्हाताऱ्या माणसांचं हगणं-मुतणं काढतो, अंघोळ घालतो, गोळ्या देतो आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघतो. तोही कामाचाच भाग. म्हणजे माझं अक्षर डी. डी अक्षराच्या माणसाने साहेबाची टीव्हीनाटकं रोज बघितली की त्याला काय दिसतं, ते लिहितो आहे. कुणा प्राध्यापकाला पटो न पटो.

पहिली गोष्ट धंद्याची. १९५५ सालच्या २२ सप्टेंबरपर्यंत विलायतेत एकटी बीबीसी होती. त्या दिवशी आयटीव्ही आली, जाहिराती घेऊन. जाहिरातीवर जगणारं चॅनल नाटक विकत नाही, ते बघणारा विकतं. नाटक म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. मासा कुठला पाहिजे त्याप्रमाणे गांडूळ. १९८१ पासून 'बार्ब' नावाची संस्था काही हजार घरांत यंत्रं बसवून कोण काय बघतं ते मोजते, आणि अक्षराप्रमाणे मोजते. मोटार, बँक, विमा, जहाजाच्या सहली यांच्या जाहिराती द्यायच्या तर डी-ईची नुसती गर्दी काय कामाची? खिशात पैसा असलेला बघणारा पाहिजे. तो कमी आला तरी त्याचा भाव वर.

मग 'इन्स्पेक्टर मोर्स' येतो. १९८७ ते २०००, आयटीव्हीवर, एकूण ३३ भाग, एकेक भाग जाहिराती धरून दोन तासांचा. जागा ऑक्सफर्ड. पोलीस कसा? तर लाल जुनी जॅग्वार चालवणारा, ऑपेरा ऐकणारा, शब्दकोडी सोडवणारा, कुणी व्याकरणात चुकलं की तोंड वाकडं करणारा. पोलीस नव्हे हो, पोलिसाच्या हुद्द्यावर बसवलेला ए-बी-सी-वन. दारोदार हिंडायला, बायकापोरं सांभाळत नोकरी करायला त्याच्या हाताखाली सार्जंट लुईस, साधा उत्तरेकडचा माणूस. मोर्स मेला. २००६ मध्ये लुईसला स्वतःची मालिका मिळाली. आपल्याला वाटलं, चला, सार्जंटाचे दिवस आले. कुठले! त्याच्या हाताखाली कोण दिला, तर केंब्रिजमध्ये शिकलेला हॅथवे. साहेबाच्या शेजारी कामगार असला तर चालतो, पण कामगार एकटा पडद्यावर राहिला तर बघणाऱ्याने बसायचं कुणाच्या खुर्चीत? ती खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही. विलायती नाटकाचं अर्धं गुपित या खुर्चीत आहे.

बीबीसीला जाहिराती नाहीत. मग तिने तरी हे का करावं? कारण बीबीसीला लायसन्स टिकवायचं असतं, आणि लायसन्स ठेवायचं की मोडायचं हे ठरवणारे म्हणजे खासदार, संपादक, पत्रं लिहिणारे, समित्यांवर बसणारे. ते कोण ते सांगायला नको. १९६७ मध्ये बीबीसीने नव्या दुसऱ्या चॅनलवर 'द फोर्साइट सागा' लावली, २६ भाग, एका श्रीमंत कुटुंबाची पिढीजात भांडणं. पुढच्या वर्षी ती पहिल्या चॅनलवर रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखवली. १९६९ मध्ये शेवटचा भाग बघायला सुमारे १ कोटी ८० लाख लोक बसले होते. काही चर्चांनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली. देवाला सांगितलं, थांब जरा. तेव्हापासून रविवारची रात्र आणि जुन्या काळचे झगे यांचं लग्न लागलं ते लागलंच.

आता हे झग्यांचं प्रकरण नीट बघितलं पाहिजे.

वरवर बघता ही नाटकं सरदार-उमरावांची. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' १९७१ ते १९७५. 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' १९८१, कॅसल हॉवर्ड नावाच्या राजवाड्यात चित्रित केलेलं. 'डाउनटन अ‍ॅबी' २०१० ते २०१५. ह्या नाटकांत मध्यमवर्ग कुठाय? असं विचारणारा माणूस फसला. मध्यमवर्ग दारातनं आत येतो आहे. 'डाउनटन'ची सुरुवातच बघा. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडतं, हवेलीचा वारस मरतो, आणि नवा वारस निघतो मॅथ्यू क्रॉली. काय करतो? मँचेस्टरला वकिली. आठवडाभर काम करायचं आणि सुट्टीला हवेलीची व्यवस्था बघायची असं तो म्हणतो, तेव्हा म्हाताऱ्या सरदारणीला 'वीकएंड' हा शब्दच कळत नाही. अख्खा देश हसला. कुणावर हसला? सरदारणीवर. आणि हसताहसता त्या वकिलाच्या खांद्यावर बसून हवेलीत शिरला. हवेली मिळाली, हवेलीतली पोरगीही मिळाली. ए-बी-सी-वनचं स्वप्न यापेक्षा नागडं कसं दाखवणार? सरदार होणं नको, तो जरा मूर्ख असतो. हवेली मात्र पाहिजे. हिशोब आमचा, भिंती त्यांच्या.

त्याच हवेलीत टॉम ब्रॅन्सन नावाचा ड्रायव्हर आहे. आयरिश, समाजवादी, सरदारांच्या नावाने बोटं मोडणारा. मला तर बरा वाटला होता गडी. त्याचं काय केलं? मालकाच्या लेकीशी लग्न लावलं, आणि ती बाळंतपणात गेल्यावर त्याला त्याच इस्टेटीचा कारभारी केला! क्रांती करायला निघालेला माणूस कुळांचा वसूल मोजत बसला. लेखक ज्युलियन फेलोज. मालिका चालू असतानाच, २०११ मध्ये, हुजूर पक्षाच्या बाजूने लॉर्डांच्या सभागृहात जाऊन बसला. लबाडी केली असं मी म्हणत नाही. माणसाने आपल्या वर्गाचं इमानाने काम केलं. इमानाने काम करणारा शत्रू परवडला, दोस्तहो. त्याला बघून आपण कुठे उभे आहोत ते तरी कळतं.

'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'ची गोष्ट मात्र वेगळी, आणि जास्त लागणारी. ती कल्पना जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या दोन नट्यांची. दोघींच्याही घरच्यांनी बड्यांच्या चाकरीत दिवस काढलेले. त्यांना गोष्ट सांगायची होती खालच्या मजल्याची, स्वैपाकघराची, नोकरांची. नाव पडलं 'अपस्टेअर्स' आधी आणि 'डाउनस्टेअर्स' मागनं. वरचा मजला खाली उतरत उतरत निम्मं नाटक खाऊन बसला. १९११ च्या खानेसुमारीत इंग्लंड-वेल्समध्ये बारा लाखांहून जास्त बायका घरकामाच्या नोकरीत होत्या, बायकांचा सगळ्यात मोठा धंदा तोच. म्हणजे आज जे म्हातारे-कोतारे सोफ्यावर बसून हवेली बघतात त्यांतल्या कितीकांच्या आज्ज्या त्या हवेलीत होत्या. पण संडासाचं भांडं घासायला.

आमच्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या. उभा जन्म मोज्यांच्या गिरणीत गेला. लेस्टर म्हणजे मोजे-बनियनचं शहर होतं एके काळी. 'डाउनटन'चे जुने भाग लागले की त्यांना बसवून ठेवावं लागत नाही, आपणच खुर्ची पुढे घ्यायला सांगतात. एकदा मी विचारलं, "तुम्हाला एवढं आवडतं?"

त्या म्हणाल्या, "मी डक, माझी आई चौदाव्या वर्षी असल्याच घरात लागली. पहाटे पाचला उठून शेगड्या साफ करायची. मालक जिन्यात दिसला तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. इथे बघ, बसलाय लाडाने विचारपूस करत!"

'मी डक' म्हणजे 'माझ्या बदका'. इथे बापयाला बाईला सगळ्यांना तसंच म्हणतात. मी म्हटलं, "मग बघता कशाला?"

"मोजे बघते," त्या म्हणाल्या. "त्या पोरींच्या पायातले. शिवण सरळ नाही."

हवेली दाखवायला लाखो पौंड ओतलेत, आणि गिरणीतली बाई शिवण तपासते आहे! टीका असली पाहिजे. आमच्या समीक्षकांनी तिच्या पायाशी बसावं.

हवेलीचा पैसा आला कुठनं, हे नाटक विचारत नाही. २०१९ च्या 'डाउनटन' सिनेमात हेअरवुड हाऊस दाखवलंय, राजकन्येचं घर म्हणून. ते घर बांधलं लॅसेल्स घराण्याने, वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांच्या आणि गुलामांच्या पैशावर. १८३३ चा गुलामी बंदीचा कायदा झाला तेव्हा सरकारने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. हेअरवुडच्या अर्लला बाराशेहून जास्त माणसांच्या बदल्यात २६ हजार पौंडांवर मिळाले. त्या माणसांना दमडी नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा विलायतेच्या तिजोरीने २०१५ मध्ये फेडला, म्हणजे 'डाउनटन'चा शेवटचा भाग लागला त्याच साली. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या ९३ जागांचे वसाहतींशी आणि गुलामीशी धागे दाखवणारा अहवाल काढला, तर केवढा गहजब झाला! आमचा रविवार नासवला म्हणून. झगे बघायला गेलो होतो, तिथे रक्त कशाला दाखवता?

*

आता जरा बारीक गोष्ट सांगतो. अन्यायावरचं चांगलं नाटक असलं, नटांनी जीव ओतलेला असला, तरी पाप शेवटी कुणाच्या नावावर चढवलंय ते बघायचं. 'द ज्युएल इन द क्राउन', १९८४, ग्रॅनडा कंपनी, १४ भाग, पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून. हिंदुस्थानातलं साहेबी राज्य मोडतंय त्या दिवसांची गोष्ट. नाटक म्हणून पक्कं. त्यात हरी कुमार आहे, विलायतेच्या बड्या शाळेत शिकलेला, साहेबाहून साहेबी इंग्रजी बोलणारा. आणि त्याला कोठडीत छळणारा पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक. हा मेरिक कोण? गोऱ्यांतला खालचा. साध्या घरातला, साध्या शाळेतला. क्लबातले बाकीचे गोरे त्याला मनातनं आपला मानत नाहीत आणि ते त्याला डाचतं. वंशद्वेषाचं सगळं विष त्या एका माणसात जमा केलंय. खानदानी गोरे मात्र सुसंस्कृत, हळवे, थोडे हताश, बागेत बसलेले. राज्य कुणाचं होतं? बागेतल्यांचं. पण बघणाऱ्या मध्यमवर्गाने रात्री झोपताना काय म्हणायचं? ते तसले लोक करायचे, आपल्यातले नव्हेत. सलमान रश्दीने त्याच साली ह्या राजच्या लाटेवर सडकून लिहिलं होतं. मी त्यात एवढंच घालतो की तिथे रंगाचं पाप वर्गाच्या उकिरड्यावर टाकलंय. कुठल्याही देशात वरचे हेच करतात. मारहाण खालच्याने केली, आम्ही फक्त जमिनीचे मालक.

२०१५-१६ मध्ये चॅनल फोरने 'इंडियन समर्स' काढलं. सिमला, साल १९३२; चित्रीकरण मलेशियातल्या पेनांगला. १९३२! त्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला, कोट्यवधी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क त्यात गेला. नाटकाचा जीव मात्र क्लबच्या पायऱ्यांवर, शँपेनच्या पेल्यात आणि कोण कुणाच्या खोलीत गेलं त्यात. तरी बघणारे घटले आणि दोन हंगामांत गुंडाळलं.

हा झाला वरचा मजला. खाली बघताना हा वर्ग कसा बघतो? एक पायरी खाली असलेल्यावर खदाखदा हसतो. दहा पायऱ्या खाली असलेल्यावर हळहळतो नाहीतर त्याची जत्रा भरवतो. १९७७ मध्ये माइक लीचं 'अ‍ॅबिगेल्स पार्टी' बीबीसीच्या 'प्ले फॉर टुडे'त आलं. नव्या पैशाची बेव्हर्ली, तिची मद्याची ट्रॉली, तिच्या भिंतीवरची चित्रं, तिची हौस. हुशार नाटक आहे, नाकारत नाही. पण कोळसा खाणवाल्याचा पोरगा असलेल्या डेनिस पॉटरने तेव्हाच त्यावर तुटून पडून लिहिलं होतं, की हे हसणं तुच्छतेचं आहे. मी पॉटरच्या बाजूने. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधली ह्यासिंथ, १९९० ते १९९५, आडनाव 'बकेट', म्हणजे बादली, पण म्हणणार 'बुके'. हसता हसता पोट दुखतं. पण बघा, विनोद काय? खालची बाई वरची व्हायला बघते हा विनोद. वरचा वरच राहतो ह्यात कुणाला विनोद दिसला नाही.

आणि जत्रा म्हणजे 'शेमलेस'. चॅनल फोर, २००४ ते २०१३. मँचेस्टरच्या सरकारी वस्तीतलं दारुडं, उचापती कुटुंब. पॉल अ‍ॅबट स्वतः तसल्या घरातनं आलेला, त्यामुळे पहिल्या भागांत जीव आहे, माया आहे. पुढे पुढे नुसता धिंगाणा उरला. त्या वस्तीचं नाव काय ठेवलं माहितेय? चॅट्सवर्थ. खरं चॅट्सवर्थ म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा राजवाडा, २००५ च्या 'प्राइड अँड प्रेजुडिस' सिनेमात नायकाची हवेली म्हणून दाखवलेला. एका नावाच्या दोन जागा. एकीत तिकीट काढून जायचं आणि दुसरी सोफ्यावर बसून बघायची, दार लावून घेऊन.

मधल्या मजल्याची स्वतःची नाटकंही आहेत. 'कोल्ड फीट', 'डॉक्टर फॉस्टर'. त्यांत भलंमोठं स्वैपाकघर, मधोमध ओटा, वाइनची बाटली, आणि नवरा कुणाकडे तरी जातो. २०१५ च्या 'डॉक्टर फॉस्टर'मध्ये सुरान जोन्सने काय काम केलंय, बघताना घशाशी येतं. दुःख खरं आहे, मी चेष्टा करत नाही. फक्त ते स्वैपाकघर कोण पुसतं हे कधी दिसत नाही. एवढं चकचकीत आपोआप राहतं होय?

'मिडसमर मर्डर्स' तर आमच्याकडे दुपारच्या चहासारखं चालू असतं. १९९७ पासून. हिरवीगार खेडी, चर्च, फुलांची प्रदर्शनं आणि दर भागात दोन-तीन खून. २०११ मध्ये त्याचा निर्माता एका मासिकाला म्हणाला, आमच्यात इतर वंशाची माणसं नाहीत आणि असली तर हे इंग्लिश खेडं राहणार नाही. बोंब झाली, त्याला बाजूला व्हावं लागलं, मग हळूहळू सावळी तोंडं दिसायला लागली. मी त्या माणसावर फार चिडलो नाही. चौदा वर्षं सगळा देश जे बघत होता ते त्याने फक्त बोलून दाखवलं. २०१७ मध्ये नटी थँडी न्यूटन म्हणाली की जुन्या राजेशाही काळाचीच नाटकं इतकी निघतात की तिला विलायतेत काम मिळत नाही, अमेरिकेत जावं लागतं. इतिहासाच्या नावाखाली चालवलेली ही नोकरभरती आहे, बाबांनो.

*

मग सगळं खोटंच का? नाही. इथे थांबून नीट बोललं पाहिजे, नाहीतर आपणही पत्रकवाले ठरू.

१६ नोव्हेंबर १९६६ ला बीबीसीवर केन लोचचं 'कॅथी कम होम' लागलं, लेखक जेरेमी सँडफर्ड. एक जोडपं, घर जातं, बेघर होतं, शेवटी सरकारी माणसं स्टेशनवर आईपासून पोरं ओढून घेतात. सव्वा कोटीच्या आसपास माणसांनी ते बघितलं. पुढच्याच महिन्यात 'शेल्टर' ही संस्था उभी राहिली, आधीच ठरलेली होती, पण नाटकाने तिला वारा दिला. बेघरांसाठी कायदा व्हायला मात्र १९७७ उजाडलं. १९८२ मध्ये अ‍ॅलन ब्लीझडेलचं 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' आलं. लिव्हरपूलचे बेकार झालेले डांबरकामगार, थॅचरबाईंचा काळ. त्यातला यॉसर ह्यूज काम मागत मागत वेडा होतो. दुसऱ्या चॅनलवर लावलं होतं, लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणून दोन-तीन महिन्यांत पहिल्यावर आणावं लागलं. ही माणसं ज्या 'वेन्सडे प्ले', 'प्ले फॉर टुडे' नावाच्या जागांत वाढली, त्या जागा १९८४ मध्ये बंद केल्या. दार बंद केलं आणि मग विचारायचं, आजकाल तसले लेखक का निघत नाहीत?

पण 'कॅथी'ने एवढा हलकल्लोळ का केला? मी पुन्हा पुन्हा बघितलं. कॅथी गोरी, देखणी, नीटनेटकी. तिचा नवरा चांगल्या नोकरीत, सुरुवातीला नवं कोरं घर घेतात. अपघात होतो आणि घसरतात. सोफ्यावरच्या बाईला वाटतं, ही तर मी. ती कळ खरी. पण ज्याचं घर आधीपासूनच नव्हतं, त्याच्यासाठी ही कळ उठत नाही.

हेच २०२४ च्या जानेवारीत झालं. आयटीव्हीवर चार रात्री 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. 'होरायझन' नावाच्या कॉम्प्युटरने हिशोबात खोटी तूट दाखवली आणि पोस्ट खात्याने ७०० हून जास्त डाकचालकांना चोर ठरवून कोर्टात खेचलं. घरंदारं विकली, काही जेलात गेले, काहींनी जीव दिला. 'कॉम्प्युटर वीकली'ने हे २००९ मध्येच छापलं होतं. पंधरा वर्षं बहुतेकांना न्याय मिळाला नाही. नाटक लागलं आणि मे महिन्यात पार्लमेंटने कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. नाटकाची ताकद म्हंजे ही! मला आनंद झाला. लेखिका ग्विनेथ ह्यूजला सलाम. पण ती माणसं कोण होती? छोट्या गावातले दुकानदार, ज्यांना सगळे नावाने ओळखतात. नाटकाच्या मधोमध उभी केलेली तोंडं गोरी. बळी गेलेल्यांत मात्र आपल्याकडून गेलेली माणसं भरपूर होती. सीमा मिश्रा २०१० मध्ये पोटात मूल असताना जेलात गेल्या. पोस्टाचे तपासनीस संशयितांची जातवारी लावायला जुनी वंशवादी लेबलं वापरत होते, हे कागद २०२३ मध्ये बाहेर आले.

त्याच्या साडेतीन वर्षं आधी, जून २०२० मध्ये, बीबीसीने 'सिटिंग इन लिम्बो' दाखवलं होतं. अँथनी ब्रायन, जमैकातून आठ वर्षांचा असताना आलेला रंगारी, पन्नास वर्षं इथे राहून, कर भरून, एक दिवस बेकायदा ठरवला आणि कोठडीत टाकला. विंडरश प्रकरण. बाफ्टा पारितोषिक मिळालं. पण चार महिन्यांत कायदा? एका फटक्यात न्याय? भरपाईसाठी लोक अर्ज भरत राहिले, वाट बघत राहिले, काही वाट बघताना मेले. त्याच वर्षी स्टीव्ह मक्वीनने 'स्मॉल अ‍ॅक्स' नावाचे पाच सिनेमे बीबीसी वनवर आणले, लंडनच्या काळ्या लोकांनी पोलिसांशी, शाळांशी, कोर्टाशी दिलेली झुंज. त्या पाचांतलं 'मँग्रोव्ह' ज्याने बघितलं नाही त्याने आजच बघावं. तेही झालं आणि रविवारी पुन्हा झगे.

हे ठरवतं कोण? २०२४ मध्ये आलेल्या आकड्यांप्रमाणे विलायतेच्या सिनेमा-टीव्हीत काम करणाऱ्यांत कामगार घरातून आलेले ८ टक्क्यांच्या आसपास. नाटककार जेम्स ग्रॅहम, नॉटिंगहॅमशायरच्या खाणवस्तीतला, त्याने त्याच ऑगस्टमध्ये एडिंबरोच्या मॅकटॅगर्ट व्याख्यानात ह्याच दुखण्यावर बोट ठेवलं. शंभरात आठ! नट बघा. डॉमिनिक वेस्ट ईटनचा, डेमियन लुईस ईटनचा, टॉम हिडल्स्टन ईटनचा, एडी रेडमेन ईटनचा. एका शाळेत एवढं अभिनयाचं पीक येतं, आणि लेस्टरच्या वस्तीत येत नाही? की तिथल्या पोराला पहिली दोन वर्षं फुकट राबणं परवडत नाही?

आता लायसन्स. एप्रिल २०२५ मध्ये ते १७४ पौंड ५० पेन्स झालं. हवेलीवाल्याला तेवढंच, हवेली पुसणाऱ्याला तेवढंच. न भरता टीव्ही बघितला तर फौजदारी गुन्हा, हजार पौंडांपर्यंत दंड. आणि दोषी ठरतात त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका. कारण दिवसा दार उघडायला घरात त्या असतात. एकटीने पोरं वाढवणारी, ई अक्षराची, तिला कोर्टात ओढायचं. आणि तिच्या पैशातनं जे नाटक निघेल त्यात ती एक तर नाही, नाहीतर दारूची बाटली घेऊन पडलेली आहे.

३१ डिसेंबर २०२७ ला बीबीसीची सनद संपते. तिच्या पुढच्या दिवसांवर वाद चालू आहेत. एका बाजूला बीबीसी मोडून बाजारात टाका म्हणणारे, दुसऱ्या बाजूला आमची लाडकी बीबीसी वाचवा म्हणणारे. मोडा म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. मोडली तर सगळंच अक्षरं वाटणाऱ्यांच्या हातात जाईल, आणि 'कॅथी', 'ब्लॅकस्टफ', 'स्मॉल अ‍ॅक्स' सगळी बीबीसीवरच लागली हे मी विसरत नाही. पण वाचवा म्हणणाऱ्यांनाही विचारतो, कुणाची वाचवू? लायसन्समधनं फौजदारी काढा. पट्टी मिळकतीप्रमाणे लावा. वर्षाला ठराविक तास नव्या, अनोळखी लेखकांच्या एकेकट्या नाटकांना बांधून द्या, १९८४ च्या आधी होते तसे. आणि कुठलं नाटक काढायचं ते ज्या खोलीत ठरतं त्या खोलीत सी-टू, डी, ई घरांतून आलेली माणसं बसवा. शोभेला एक नव्हे. निम्मी. निम्म्याहून कमीवर बोलायचं असेल तर मला रात्रपाळी आहे, जाऊ द्या.